१६ पुरे की ३२च घ्यावी? गेमिंग पीसीच्या रॅमबद्दल सल्ला हवा

वाळवंटीकाठ, साखळी
८ डिसेंबर २०२५, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. जाणकारांनी मार्गदर्शन करावे म्हणून हा धागा.

२०२० च्या सुरुवातीला पीसी बांधून घेतला. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ३६००, बी४५० चा बोर्ड, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, साठवणीला ५०० जीबीची एसएसडी आणि रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबीची एकच स्टिक. हातात तेवढेच पैसे होते. दुसरी स्टिक पुढे टाकू म्हटलं, ती आजवर टाकलेली नाही.

आता त्रास असा. सायबरपंक २०७७ मध्ये शहरातून गाडी जोरात नेली की चित्र अर्धा सेकंद थांबतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं. फोर्झा होरायझन ५ मध्ये सुरुवातीची पाच-दहा मिनिटं हेच. ग्राफिक्स हायवरून मीडियमवर आणले, मीडियमवरून लोवर आणले. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा वाढतो, पण झटके आहेत तसेच.

शिवाय आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक दरवर्षी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित होतं आणि त्याचं एडिटिंग माझ्याकडे असतं. डाविंची रिझॉल्व्ह वापरतो. गेल्या वर्षी तिसऱ्या अंकाला पीसीने मान टाकली आणि ते काम मित्राच्या लॅपटॉपवर पुरं केलं.

तीन दुकानांत विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो ६४ घ्या, दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो १६ भरपूर झाली. तिसरा म्हणतो माझ्याकडच्या डीडीआर४ पिढीच्या रॅमचे दिवस संपले, बोर्ड-प्रोसेसरसकट सगळं बदला. भाव तर दिवाळीआधी विचारला होता त्याच्या दुपटीवर गेला आहे. चुकीचं घेऊन परत घ्यायची ऐपत नाही, म्हणून विचारतोय.

---

खाजन, चोडण
८ डिसेंबर, रात्री ११.४८

१६. दुसरा विचार करू नकोस.

गेमवाल्यांनी स्वतःच लिहून दिलेले आकडे बघ. सायबरपंकची २.० आवृत्ती आली तेव्हा किमान १२ आणि शिफारस १६ जीबी केली. फोर्झा ५ ला किमान ८, शिफारस १६. रेड डेड रिडेम्प्शन २ ला ८ आणि १२. हॉगवर्ट्स लेगसीला किमानच १६ लागते. म्हणजे १६ च्या खाली राहून आता भागणार नाही हे खरं. पण तुझ्या ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ६ जीबीच आहे. हॉगवर्ट्सला ३२ मागितलेत ते सगळ्यात वरच्या, ४के च्या सेटिंगला, आणि तुझं कार्ड तिथवर जाणारच नाही. मग ती ३२ कशाला?

आज १६ घे आणि वाचलेले पैसे कार्डासाठी बाजूला ठेव.

---

कुळागर, प्रियोळ
९ डिसेंबर, सकाळी ६.५५

वाळवंटीकाठ, अजून काही विकत घेऊ नका. आधी मोजा. दुकानात जाताना तुमचे आकडे खिशात असले की दुकानदार काय म्हणतो याने फरक पडत नाही.

नेहमी गेम खेळताना जे जे उघडं असतं ते सगळं उघडा. ब्राउझरचे टॅब, डिस्कॉर्ड, गाणी, जे असेल ते. सायबरपंक सुरू करा आणि जिथे झटके बसतात त्याच रस्त्यावर वीस मिनिटं गाडी चालवा. मग गेम बंद न करता विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडा. मला चार गोष्टी हव्यात: 'इन यूज', 'कमिटेड', 'स्पीड' आणि किती स्लॉट भरलेत.

'इन यूज' एकटं बघून फसू नका. ८ जीबीच्या पीसीत ते ८ च्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे गरज किती आहे ते त्यावरून कळत नाही. भांडं भरलंय एवढंच कळतं. 'कमिटेड' म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने किती मेमरीचा शब्द दिला आहे तो आकडा. त्यात रॅम आली आणि एसएसडीवरची पेजफाइल, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची जागा, तीही आली. प्रोग्रॅम मागून ठेवतात तेवढं सगळं वापरत नाहीत, म्हणून खरी गरज त्याहून थोडी कमीच असते. तरी अंदाजाला यासारखा आकडा नाही.

त्याच वेळी रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' चा आलेख बघा. झटका बसतो त्या क्षणी तो उसळत असेल, तर रॅममध्ये मावलं नाही म्हणून मेमरीचं पान, म्हणजे डेटाचा तुकडा, एसएसडीवरून आणावं लागतंय. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक कागदावर २५.६ जीबी देते. तुमचा तो अर्धा सेकंद या तफावतीत जातो.

आणि ग्राफिक्स कार्डाच्या पानावर 'डेडिकेटेड' किती भरलं तेही लिहा. कार्डाची मेमरी अपुरी पडत असेल तर झटके तसेच दिसतात आणि कितीही रॅम घातली तरी जात नाहीत.

---

तळपण, काणकोण
९ डिसेंबर, सकाळी ९.१०

कुळागरदादांना +१. माझ्या लॅपटॉपला हे करून बघितलं आणि रॅमचे पैसे वाचले. दोष कार्डाचा होता.

---

दोनापावला
९ डिसेंबर, दुपारी ३.३०

मी जहाजावरची नोकरी संपवून घरी बसलेला माणूस, गेम एकच, फ्लाइट सिम्युलेटर. दाबोळीवरून उडायचं, किनारा धरून वर जायचं, मोपाला उतरायचं. बोटीवरून परत येताना विमानाच्या खिडकीतून पाहिलेला तोच किनारा, म्हणून त्याचा लळा.

आकडा का वाढत जातो ते या एका खेळात स्वच्छ दिसतं, म्हणून लिहितो. २०२० च्या आवृत्तीला किमान ८, शिफारस १६ आणि आदर्श ३२ होतं. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या आवृत्तीला किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४. चार वर्षांत सरसकट दुप्पट. माझ्याकडे ३२ आहेत आणि मुंबईसारख्या दाट शहरावर आलो की २२-२४ भरलेले दिसतात. ६४ ची गरज मला अजून पडलेली नाही. धागाकर्त्यांना सिम्युलेटर उडवायचा नसेल तर ६४ म्हणणाऱ्या दुकानाला नम्रपणे नको म्हणावे.

---

वाळवंटीकाठ, साखळी
९ डिसेंबर, रात्री १०.०५

मोजलं. जसं दिसलं तसं लिहितो.

सायबरपंक, ब्राउझरचे नऊ टॅब आणि डिस्कॉर्डवर मित्रांचा कॉल. इन यूज ७.६, कमिटेड १६.८. स्लॉट चारपैकी एक भरलेला. कार्डाची मेमरी हायवर ५.५, लोवर ४.२. झटका बसला की हार्ड फॉल्ट्सचा आलेख टोकाला जातो, दर वेळी.

आणि स्पीड २१३३ दाखवतंय. माझ्या स्टिकवर ३००० छापलंय. फसवणूक झाली का?

---

कुळागर, प्रियोळ
९ डिसेंबर, रात्री १०.५०

फसवणूक नाही. छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बोर्ड पहिल्यांदा सुरक्षित म्हणून ठरलेल्या सर्वमान्य वेगाने स्टिक चालवतो. छापील वेग हवा तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाऊन एक्सएमपी हे सेटिंग चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. डीडीआर५ ही नवी पिढी आणि एएमडीचा प्रोसेसर असेल तर एक्सपो. पीसी बांधणाऱ्याने ते केलं नाही, म्हणून तुमची स्टिक जवळजवळ सहा वर्षं हळू चालली. आज रात्रीच चालू करा, याला एक पैसा लागत नाही.

आणखी एक, कारण यात बरेच जण घाबरतात. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघाल तर ३००० ची रॅम १५०० दिसेल. घड्याळाच्या एका ठोक्याला ती दोनदा डेटा पाठवते. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे तेच डबल.

आता तुमच्या आकड्यांकडे. लो सेटिंगला कार्डात जागा उरते तरी झटके जात नाहीत, आणि प्रत्येक झटक्याला हार्ड फॉल्ट उसळतो. म्हणजे दोष रॅमचा आहे, ही खात्री धरा. दुसरी गोष्ट, एकच स्टिक असल्यामुळे तुमचा प्रोसेसर एकाच वाटेने मेमरीशी बोलतोय. त्याला वाटा दोन आहेत. २१३३ च्या एका स्टिकची कमाल साधारण १७ जीबी प्रति सेकंद, ३२०० च्या दोन स्टिकची ५१.२. तिप्पट. गेममध्ये तिप्पट फरक दिसत नाही, पण रायझनला ही वाट रुंद केलेली मानवते. झटके म्हणतो ते सगळ्यात खालचे आकडे त्यानेच सावरतात.

म्हणून किती हा प्रश्न सोडवण्याआधी एवढं पक्कं करा: जे घ्याल ते दोन स्टिकच्या जोडीत. १६ घ्यायची तर ८ च्या दोन. ३२ घ्यायची तर १६ च्या दोन.

---

खाजन, चोडण
९ डिसेंबर, रात्री ११.१५

कमिटेड १६.८ आणि खरा वापर त्याहून कमी, हे दादांनीच लिहिलंय. म्हणजे ८ च्या दोनमध्ये बसतंय. आहे त्या स्टिकसोबत आणखी एक ८ घेतली तर अजून स्वस्त. भाव असे चढलेले असताना त्याला ३२ घ्यायला लावणं मला पटत नाही. नोकरी करणाऱ्याला ती रक्कम वेगळी वाटते आणि महिनाअखेर मोजून काढणाऱ्याला वेगळी.

---

अबोली, मडगाव
१० डिसेंबर, सकाळी ११.३०

खाजन, पैशाबद्दल तुझं म्हणणं मनापासून पटतं. पण आहे त्या स्टिकला जोड म्हणून नवी एक आणायची, हे मी केलंय आणि त्यात पोळलेय.

आल्तिन्होला आर्किटेक्चर शिकत होते तेव्हाची गोष्ट. ८ ची एक स्टिक होती, दोन वर्षांनी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, तोच नंबर छापलेली दुसरी आणली. दिसायला जुळ्या बहिणी. पण आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या निघाल्या. कंपन्या तेच नाव ठेवून आतला माल बदलतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. एक्सएमपी लावून ३२०० वर पीसी सुरू व्हायचा, तासभर नीट चालायचा आणि मध्येच बंद पडायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री रेंडर दोनदा अर्ध्यावर गेला. मला वाटत होतं फाइलच बिघडली आहे. रात्रभर रडत पुन्हा पुन्हा तेच करत बसले. सकाळी एका सीनियरने वेग २९३३ वर उतरवून दिला आणि पीसी गप्प चालू लागला.

कित्येकांचं असं जुळवलेलं चालतंही. पण ज्याला पुन्हा खर्च करणं परवडणार नाही त्याने ही शक्यता धरूनच निर्णय घ्यावा. एकाच पाकिटात आलेली जोडी एकत्र तपासलेली असते.

एडिटिंगबद्दलही लिहिते. रिझॉल्व्ह बनवणारे साध्या कामाला १६ आणि त्यातल्याच फ्यूजन या भागाचे इफेक्ट वापरायचे तर ३२ सांगतात. तीन कॅमेऱ्यांचं नाटक, तीन अंक, म्हणजे टाइमलाइन केवढी असेल! वाळवंटीकाठ, तुम्ही गेमचे आकडे मोजलेत. आता एडिटिंगचेही मोजा.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१० डिसेंबर, रात्री ९.४०

अबोलीताई, मोजलं. गेल्या वर्षीच्या नाटकाचा दुसरा अंक उघडला, तिन्ही कॅमेरे लावले. कमिटेड २२.१. हाताने कट मारायला गेलो की माऊस अडकतो.

एक्सएमपी कालच चालू केलं. स्पीड आता ३००० दाखवतंय. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने मोजलं, सेकंदाला चित्रांची सरासरी ५४ ची ५९ झाली. पण सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांचा आकडा १७ वरून १९, म्हणजे झटके जवळपास तेच.

तिसऱ्या दुकानदाराचं मात्र डोक्यातून जात नाही. डीडीआर४ वर पैसे घालणं खरंच वाया आहे का?

---

कुळागर, प्रियोळ
११ डिसेंबर, सकाळी ७.१५

हा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

डीडीआर५ तुमच्या बोर्डात बसतच नाही. दोन्हींना पिना २८८ च आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, बळ लावलं तर स्लॉट मोडेल. म्हणजे डीडीआर५ घ्यायची तर बोर्ड नवा, आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या नव्या जागेचा, बोर्ड घेतलात तर प्रोसेसरही नवा. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला तो सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो. तीन खर्च एकदम. त्यातून तुम्हाला गेममध्ये काय मिळेल? १६६० सुपर तेच राहिलं तर फार थोडं.

वेगाच्या आकड्यांनीही दिपून जाऊ नका. मागितलेली वस्तू किती वेळाने हातात येते हे सीएल, म्हणजे त्यासाठी लागणारे घड्याळाचे ठोके, या आकड्यावरही ठरतं. ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८, आणि डीडीआर५ ची ६००० सीएल३०, तिन्हींचा हिशेब केला तर १० नॅनोसेकंदच येतात. डीडीआर५ ची वाट खूप रुंद आहे, ते खरं. पण पहिली वस्तू हातात यायला लागणारा वेळ तोच. तुम्ही ३२०० घेताना मात्र सीएल२२ न घेता सीएल१६ बघा. सीएल२२ ला पावणेचौदा नॅनोसेकंद लागतात.

तुमच्या बोर्डाचं आयुष्यही संपलेलं नाही. बायोस नवा करून घेतलात तर त्यावर ५७००एक्स३डी सारखा प्रोसेसर चालतो. त्याच्या पोटातच ९६ एमबीची कॅश, म्हणजे वेगवान मेमरी, आहे, त्यामुळे रॅमच्या वेगाची त्याला फारशी फिकीर नसते. मिळाला तर दोन वर्षांनी तो घ्या, रॅम हीच चालेल.

आता भाव. हा दुकानदारांचा खेळ आहे असं अनेकांना वाटतं, पण मुळात माल कमी आहे. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तिघे बनवतात. एआयच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरीही हेच बनवतात, आणि तिथे नफा जास्त म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला जाहीर केलं की आपल्यासारख्या ग्राहकांना क्रूशल या नावाने विकायची मेमरी बंद करणार, फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल पाठवणार. डीडीआर४ चं उत्पादनही मोठ्या कंपन्या आटोपतं घेत आहेत. म्हणून थांबलं की स्वस्त होईल, हा कॉम्प्युटरच्या बाबतीतला जुना अनुभव आत्ता धरून चालू नका.

माझं मत: ३२, म्हणजे १६ च्या दोन. कारण तुमच्या पीसीला दोन कामं आहेत आणि दुसरं काम २२ मागतंय. नुसता गेम असता तर खाजनच्या बाजूने बोललो असतो. नवी परवडत नसेल तर चांगली वापरलेली शोधा. रॅममध्ये हलणारा भाग नसतो, पंखा नाही, झीज जवळजवळ नाही. तपासून घेतलेली जुनी रॅम मी नव्याइतकीच मानतो.

---

शुक्रवारचा_बाजार, म्हापसा
११ डिसेंबर, दुपारी १.२०

माझ्याकडे आहे. १६ च्या दोन, ३२०० सीएल१६, एकाच पाकिटातली जोडी. मी एएम५ वर गेलो तेव्हापासून कपाटात आहे, बिल आहे. मी घेतली तेव्हाच्या भावात देतो, आजच्या भावात नाही. आपल्यातल्याच माणसाकडून चढे पैसे घेणं बरं वाटत नाही. घरी घेऊन जा, रात्रभर तपासा, चालली तर पैसे द्या. बोडगेश्वराची जत्रा येतेच आहे, पण तोवर थांबू नका, शुक्रवारीच या.

---

कुळागर, प्रियोळ
११ डिसेंबर, दुपारी १.४५

याहून चांगलं काय हवं. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाका, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दाखवली तरी जोडी परत. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका, रॅमची एक चूक एखाद दिवशी फाइलच खाते. आणि तपासणी एक्सएमपी चालू करून करा.

जुनी ८ ची स्टिक त्यांच्यासोबत लावायचा मोह टाळा. चार स्लॉट आहेत म्हणून भरायचे नसतात. स्टिक जास्त झाल्या की प्रोसेसरवरचा भार वाढतो. तुमच्या ३६०० ला दोन स्टिक असल्या तर एएमडी ३२०० ची हमी देते, दोन्ही बाजूंना चिप असलेल्या चार स्टिक लावल्या तर २६६७ ची.

---

बारावीवाला, डिचोली
१२ डिसेंबर, सायंकाळी ५.००

मध्येच विचारतो, रागावू नका. माझ्याकडे बाबांच्या ऑफिसातून आलेला जुना पीसी आहे. आय३ ७१००, रॅम ४ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. व्हॅलोरंटला ४ जीबी चालते असं लिहिलंय पण माझ्याकडे फार अडकतो. परीक्षेपर्यंत घरचे पैसे देणार नाहीत. फुकटात काही करता येईल का?

---

अबोली, मडगाव
१२ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

रागावायचं काय त्यात. वेगळं कार्ड नाही म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तुझ्या त्या ४ मधलीच काही रॅम स्वतःकडे घेतं. विंडोजला आणि गेमला उरतं किती? खेळताना ब्राउझर पूर्ण बंद कर, पीसी सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून बंद कर. सध्या एवढंच. आणि अभ्यास सांभाळून खेळ.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१३ डिसेंबर, सकाळी १०.३०

काल म्हापशाहून जोडी आणली. रात्री लावली आणि पोटात गोळा आला. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. जुनी स्टिक परत लावली तर सुरू. नवीन लावली की काळी. दहा मिनिटं थांबूनही बघितलं. जोडी बिघडलेली असेल असं वाटत नाही, ज्यांनी दिली त्यांच्या घरी चालू पीसीवर आधी बघून आणली. कुळागरदादा, काय बघू?

---

कुळागर, प्रियोळ
१३ डिसेंबर, सकाळी १०.४२

घाबरू नका. वीज काढा, पॉवरचं बटण दोनदा दाबा, मग हात घाला. स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. बऱ्याच बी४५० बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे एक टोक बसल्यासारखं वाटतं आणि दुसरं वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठा ठेवून सरळ दाबा, टक् आवाज यायला हवा.

त्याआधी स्टिकच्या कडेची सोनेरी पट्टी बघा. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या वस्तूवर थर धरतो. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा स्लॉटात जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या. तरी झालं नाही तर बायोसची सेटिंग पुसायची, बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१३ डिसेंबर, दुपारी १२.१५

सुरू झाला! पुसूनही काळीच होती, पण दुसरी स्टिक ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला अर्धा मिलिमीटर वर होती. जोरात दाबली, टक् झालं, ३२ जीबी दिसली. एक्सएमपी लावलं, ३२०० आलं. मेमटेस्ट लावून जेवायला बसतो.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१४ डिसेंबर, रात्री १०.५५

चार फेऱ्या, शून्य चुका. पैसे दिले. शुक्रवारचा_बाजार, देव बरें करूं.

आता आकडे. सायबरपंक, तोच रस्ता, तेच टॅब, तोच कॉल. सरासरी ५९ ची ६८ झाली. ती वाढली म्हणून आनंद आहेच, पण एक टक्क्याचा आकडा १९ वरून ४७ वर आला. गाडी पुलावरून शहरात उतरते तिथे मी सवयीने श्वास रोखून धरत होतो आणि काहीच झालं नाही. इन यूज १४.४ दिसतंय.

नाटकाचे तिन्ही अंक, तीन कॅमेरे: इन यूज २१.३. माऊस लोण्यासारखा फिरतो. यंदाच्या जत्रेचं नाटक घरीच एडिट होणार.

---

खाजन, चोडण
१४ डिसेंबर, रात्री ११.१०

अभिनंदन. १४.४ म्हणजे गेमसाठी १६ पुरली असती, पण अगदी काठोकाठ, एवढी काठोकाठ असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि २१ ला तर काही बोलायलाच नको. तुझ्यासाठी ३२ बरोबर होती.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१५ डिसेंबर, सकाळी ८.०५

जुनी ८ ची स्टिक मोकळी झाली. बारावीवाला, तुला हवी का? पैसे नकोत.

---

कुळागर, प्रियोळ
१५ डिसेंबर, सकाळी ८.३०

थांबा, आधी त्याने पीसी उघडून बघावं. त्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३ चे होते, त्यात ही बसणार नाही. बारावीवाला, वीज काढून बाजूचं झाकण उघड आणि स्टिकवरच्या कागदावर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर इथे लिही. स्लॉट किती आहेत तेही.

---

बारावीवाला, डिचोली
१५ डिसेंबर, दुपारी ४.४०

कॉलेजातून आल्या आल्या उघडलं. डीडीआर४ लिहिलंय, ४ जीबी, २४००. स्लॉट दोन, एक रिकामा. दादा, खरंच देणार?

---

कुळागर, प्रियोळ
१५ डिसेंबर, दुपारी ४.५५

बसेल. अबोलीने सांगितलेली भीती इथे फारशी नाही, कारण या बोर्डावर एक्सएमपी नाहीच. दोन्ही स्टिक २१३३ किंवा २४०० वर आपसूक येतील. एकूण १२ जीबी. त्यातले पहिले ८ दोन्ही वाटांनी चालतील, उरलेले ४ एका वाटेने. तुझं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलं असल्यामुळे दोन वाटा मिळाल्याचा फायदा तुला वाळवंटीकाठपेक्षाही जास्त दिसेल.

---

वाळवंटीकाठ, साखळी
१५ डिसेंबर, सायंकाळी ५.२०

शनिवारी डिचोलीला येतोच आहे. बसस्टँडजवळ दहा वाजता भेट, मग तुझ्या घरी जाऊन दोघं मिळून लावू. अल्कोहोलची बाटली आणतो. दोन्ही टोकं दाबायची, हे तू कर.